राज्याचा हक्क मोठा की माणसाचा? फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन

एखाद्या मोठ्या घराची वाटणी निघते तेव्हा काय होते, ते तुम्ही पाहिले आहे. भाऊ भाऊ समोरासमोर बसतात. पंच येतात. जमीन मोजली जाते, विहिरीच्या पाळ्या ठरतात, बैलांची किंमत होते. वेगळे निघण्याचा हक्क कोणाला आहे आणि कोणाला नाही, यावर रात्र रात्र वाद चालतो. त्या घरात बापाच्या काळापासून राबणारा सालगडी मात्र गोठ्याच्या दाराशी उभा असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. तो कोणाच्या वाट्याला जाणार, एवढेच ठरायचे असते.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका अख्ख्या देशाची अशी वाटणी निघाली. डिसेंबर १८६० ते जून १८६१ या काळात दक्षिणेकडील ११ राज्यांनी आपण संघराज्यातून फुटून निघालो असे जाहीर केले. आम्ही आपखुशीने संघात आलो, तसेच आपखुशीने बाहेर पडू, हा आमच्या राज्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. असा हक्क घटनेत कोठेही नाही, असे उत्तरेचे म्हणणे होते. मोठमोठे कायदेपंडित या वादात उतरले. पुढे चार वर्षे युद्ध झाले आणि त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

या वादात गोठ्याच्या दाराशी उभे असलेले लोक किती होते? १८६० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ३९ लाख ५० हजार. ते काळे गुलाम होते. त्यांच्यातूनच एक माणूस उठला, पंचांच्या बैठकीत आला आणि राज्याचा हक्क म्हणता तो नक्की कोणाचा, असे त्याने सर्वांना विचारले. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक डग्लस. त्यांचे जीवन तुम्ही जाणून घ्यावे आणि मुलांना सांगावे, म्हणून हा लेख.

जनावरांच्या रांगेत

फ्रेडरिकचा जन्म मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात झाला. आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे त्याला आयुष्यभर कळले नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? मालकाच्या हिशेबाच्या वहीत मात्र मालमत्तेत पडलेली भर म्हणून नोंद झाली होती. ती पुढे संशोधकांना सापडली. तीत फेब्रुवारी १८१८ असे लिहिले आहे.

आईचे नाव हॅरिएट बेली. तान्ह्या मुलापासून तिला तोडून दूरच्या शेतावर कामाला लावले होते. दिवसभर राबून ती रात्री बारा मैल चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि तो जागा होण्यापूर्वी निघून जाई, कारण सूर्य उगवताना ती शेतात नसली तर पाठीवर फटके बसत. अशा भेटी सगळ्या मिळून चार-पाच झाल्या. फ्रेडरिक सात वर्षांच्या आसपास असताना ती वारली. बाप कोणीतरी गोरा होता, बहुधा मालकच, अशी कुजबुज होती. कायदा असा होता की मूल आईच्या स्थितीला जाते. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा कायदा काय करतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मुलाला आजीने वाढवले. सहाव्या वर्षी तिने त्याला मोठ्या मळ्यावर नेऊन सोडले, कारण मालकाचा तसा हुकूम होता. तेथे त्याने मावशीला बांधून फटके मारताना पाहिले.

पुढे मालक मेला आणि वारसांमध्ये वाटणी झाली. त्या वाटणीसाठी सुमारे नऊ वर्षांच्या फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरातून परत आणले गेले. पुरुष, बायका, म्हातारे आणि पोरे यांना घोडे, गुरे आणि डुकरे यांच्याबरोबर रांगेत उभे केले आणि प्रत्येकाची किंमत लावली. कोण कोणाच्या वाट्याला जाणार, यावर आई आणि मुले यांची कायमची ताटातूट होई. आपण वर सालगड्याचा दाखला घेतला. फ्रेडरिक स्वतः त्या रांगेत उभा होता.

अक्षरांची चोरी

वाटणीनंतर त्याला पुन्हा बाल्टिमोरला, ह्यू ऑल्ड नावाच्या गृहस्थाच्या घरी पाठवले. तेथे तो आधीपासूनच कामाला होता. घरच्या बाईने, सोफिया ऑल्डने, त्याला मायेने मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली होती. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद केले. गुलाम वाचायला शिकला की तो गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याने बायकोला समजावले. हे बोलणे मुलाने ऐकले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मालकाला ज्याची इतकी भीती वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट असली पाहिजे, हे त्याने ओळखले.

मग त्याने अक्षरे चोरायला सुरुवात केली. घरातील भाकरीचा तुकडा खिशात घालून तो रस्त्यावर जाई आणि भुकेल्या गोऱ्या पोरांना देऊन त्यांच्याकडून एकेक शब्द शिके. जहाजे बांधण्याच्या कारखान्यात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे लिहीत. ती पाहून तो गिरवू लागला. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांतील मोकळ्या जागेत त्याने हात वळवला. बाराव्या वर्षाच्या सुमारास बूट पुसून मिळवलेल्या ५० सेंटांतून त्याने भाषणांचे एक जुने पुस्तक विकत घेतले. त्या पुस्तकात एक गुलाम आपल्या मालकाशी युक्तिवाद करतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो, असा एक संवाद होता. तो त्याने पुन्हा पुन्हा वाचला.

ज्यांच्या घरात पहिली पाटी मागच्या एक-दोन पिढ्यांत आली, त्या आईबापांनी ही हकिगत मुलांना अवश्य सांगावी.

सोळाव्या वर्षी, १८३४ साली, त्याला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे एक वर्षासाठी भाड्याने दिले गेले. हट्टी गुलामांची रग जिरवण्याबद्दल या कोव्हीची ख्याती होती. सहा महिने दर आठवड्याला फटके खाऊन फ्रेडरिक मनाने मोडला. मग एके दिवशी कोव्ही दोरी घेऊन त्याला बांधायला आला, तेव्हा फ्रेडरिकने त्याची मानगूट धरली. सुमारे दोन तास झटापट झाली. कोव्हीला तो आवरेना. उरलेल्या सहा महिन्यांत कोव्हीने त्याच्या अंगाला हात लावला नाही. गुलाम आपल्याला भारी पडला, हे गावात कळले तर आपला धंदा बसेल, ही त्याला भीती होती. शरीराने अजून गुलाम असलो तरी मनाने त्या दिवसापासून गुलाम राहिलो नाही, असे डग्लस पुढे लिहीत.

नवे गाव, नवे नाव

पळून जाण्याचा एक बेत १८३६ साली फसला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. पुन्हा बाल्टिमोरला आल्यावर तो जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम शिकला. मजुरी चांगली मिळे, पण शनिवारी ती सारी मालकाच्या हातावर ठेवावी लागे.

३ सप्टेंबर १८३८ रोजी त्याने खलाशाचा पोशाख केला, एका मुक्त काळ्या खलाशाचे कागदपत्र खिशात घातले आणि तो उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढला. कागदावरील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते, पण तपासनिसाने बारकाईने पाहिले नाही. आगगाडी, नाव, आगबोट असे करीत चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला. ॲना मरे या मुक्त काळ्या तरुणीने लोकांच्या घरी काम करून साठवलेले पैसे या प्रवासाला दिले होते. ती मागोमाग आली आणि १५ सप्टेंबरला दोघांनी लग्न केले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड गावी त्यांनी संसार थाटला. पकडणाऱ्यांना माग लागू नये म्हणून फ्रेडरिक बेली हे नाव टाकून त्यांनी डग्लस हे आडनाव घेतले. मालकाच्या वहीतील नाव गेले आणि स्वतः स्वीकारलेले नाव आले. पण नावाबरोबर जग बदलले नाही. याही स्वतंत्र राज्यात गोरे कारागीर काळ्याच्या जोडीने जहाजावर काम करायला तयार नव्हते. हातात कसब असून डग्लस यांना लाकडे फोडणे, कोळसा उचलणे, धुराडी झाडणे अशी कामे करावी लागली.

१८४१ च्या ऑगस्टमध्ये नॅन्टकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभेत ते प्रथम बोलले. ते उभे राहिले तेव्हा पाय कापत होते, पण बोलून झाल्यावर साऱ्या सभेला त्यांनी हलवून सोडले होते. विल्यम लॉइड गॅरिसन हे या चळवळीचे गोरे पुढारी तेथे होते. त्यांनी डग्लस यांना प्रचारक म्हणून सोबत घेतले. इतके उत्तम बोलणारा माणूस गुलाम कसा असेल, अशी शंका लोक घेऊ लागले, तेव्हा डग्लस यांनी १८४५ साली आत्मचरित्र छापले आणि मालकांची नावे उघड लिहिली. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला. जवळजवळ दोन वर्षे ते आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये राहिले. तेथील मित्रांनी १५० पौंड देऊन त्यांना मालकाकडून कायदेशीर मुक्त केले. १८४७ साली परत येऊन त्यांनी रॉचेस्टर शहरात 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचे वृत्तपत्र काढले. पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे आणि पुढे कॅनडाची वाट दाखवली जाई. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली, तेव्हा स्त्रियांना मत मिळावे या ठरावाला त्यांनी उभे राहून पाठिंबा दिला.

घटना कोणाची?

आता या जीवनातील सर्वांत विचार करण्यासारखा भाग येतो. तो शांतपणे वाचा.

अमेरिकेची घटना १७८७ साली तयार झाली. तिच्यात गुलाम हा शब्द नाही, पण गुलामगिरीशी जोडली गेलेली कलमे होती. प्रतिनिधींची संख्या ठरवताना इतर व्यक्तींचे तीन पंचमांश मोजावेत, असे एक कलम होते. या इतर व्यक्ती म्हणजे गुलाम. त्यांना मत नव्हते. त्यांची डोकी मोजून मालकांच्या राज्यांना जास्त प्रतिनिधी मिळत. आफ्रिकेतून माणसे आणण्यास काँग्रेसने १८०८ पूर्वी बंदी घालू नये, असे दुसरे कलम होते. काम सोडून दुसऱ्या राज्यात पळालेल्यास परत द्यावे, असे तिसरे.

गॅरिसन म्हणत, ही घटना पापाशी केलेला करार आहे. उत्तरेने तिच्यातून बाहेर पडावे, गुलाममालकांशी संघच ठेवू नये. १८५४ साली त्यांनी भर सभेत घटनेची प्रत जाळली. म्हणजे पाहा, फुटून निघण्याची भाषा केवळ मालकांनी केली नव्हती. गुलामगिरीच्या कट्टर शत्रूंनीही ती केली होती.

डग्लस प्रथम गॅरिसन यांच्याच मताचे होते. पण रॉचेस्टरला आल्यावर त्यांनी घटना स्वतः वाचली. जेरिट स्मिथ यांच्यासारख्या मित्रांशी वाद केला. १८५१ साली त्यांनी उघडपणे मत बदलले. ज्या गुरूने व्यासपीठावर आणले त्याच्याशी संबंध तुटले, कडवट शब्द झाले, तरी ते मागे हटले नाहीत.

त्यांचा विचार असा होता. घटना करणाऱ्यांपैकी कित्येक जण गुलाम बाळगून होते हे खरे. पण बंद खोलीत बसलेल्यांच्या मनात काय होते ते कायदा ठरत नाही. लोकांनी जो मजकूर वाचून मान्य केला तो कायदा. मजकुरात आम्ही लोक असे आहे, आम्ही गोरे लोक असे नाही. कायद्याच्या रीतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावू नये, असेही त्यात आहे. मग गुलाम व्यक्ती नाही काय? जेथे शब्दाचे दोन अर्थ निघतात, तेथे न्यायाचा अर्थ घ्यावा.

दुसरा विचार अधिक मोलाचा आहे. १८६० साली ग्लासगो येथील भाषणात त्यांनी चाच्यांच्या जहाजाचा दाखला दिला. जहाजावर बंदी बायका-पुरुष आहेत. तुम्हाला चाच्यांची शिसारी आली म्हणून तुम्ही होडीत उतरून निघून गेलात, तर तुमचे हात स्वच्छ राहतील, पण त्या बंद्यांचे काय? उत्तर बाहेर पडली तर लाखो गुलाम मालकांच्या तावडीत एकटे सापडतील. म्हणून घटना सोडायची नाही, ती आपल्या बाजूला ओढायची, असे त्यांनी ठरवले.

राज्याचा हक्क, पण कधी?

दक्षिणेतील मळेवाले राज्यांच्या हक्कांचा फार घोष करीत. पण १८५० साली पळालेल्या गुलामांचा कायदा झाला तेव्हा त्यांनी काय केले, ते पाहा. हा कायदा केंद्राचा होता. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती आणि ज्यूरीही नव्हती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या हवाली केले तर १० डॉलर, सोडले तर ५ डॉलर मिळत. पकडण्याच्या कामी मदत करणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक होते.

उत्तरेतील अनेक राज्यांनी आपल्या भूमीवर असे होऊ नये म्हणून कायदे केले. विस्कॉन्सिन राज्यात १८५४ साली लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या पळालेल्या गुलामाला सोडवले आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला. हा राज्याचा हक्कच नव्हता का? पण तो मळेवाल्यांना चालला नाही. १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनचा निर्णय फिरवला. त्याआधी १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी, आफ्रिकी वंशाच्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्वच नाही, असा निकाल दिला होता. तेव्हाही मळेवाले खूश झाले. केंद्राने गुलाम पकडून दिले की केंद्र चांगले, आणि केंद्राने गुलामगिरीला आळा घालायचे म्हटले की राज्याचा हक्क आठवे.

१८५९ मध्ये जॉन ब्राउन या गोऱ्या देशबांधवाने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. डग्लस त्यांचे मित्र होते. पण हा पोलादी सापळा आहे असे सांगून त्यांनी सामील होण्यास नकार दिला होता. तरीही पकड वॉरंट निघाले आणि त्यांना कॅनडामार्गे इंग्लंड गाठावे लागले. पुढच्या वर्षी धाकटी मुलगी वारल्याचे कळताच ते धोका पत्करून परतले.

६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. तेवढेही मळेवाल्यांना सोसले नाही. २० डिसेंबरला साऊथ कॅरोलिना फुटले. तेथील परिषदेत एकही विरोधी मत पडले नाही.

आता मघाचा प्रश्न विचारा. साऊथ कॅरोलिनाची लोकसंख्या सुमारे ७ लाख होती आणि त्यांपैकी ४ लाखांहून अधिक गुलाम होते. मिसिसिपी राज्यातही निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. राज्याच्या जनतेने ठरवले असे म्हणतात, पण निम्म्याहून अधिक जनतेला कोणी विचारले? विचारले असते तर तिने काय सांगितले असते?

कशासाठी फुटतो, हे या राज्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साऊथ कॅरोलिनाच्या जाहीरनाम्यातील मोठी तक्रार अशी की उत्तरेतील राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हीच तक्रार. मिसिसिपीने आपली सारी बाजू गुलामगिरीशी एकरूप असल्याचे सांगितले. फुटलेल्यांनी मार्च १८६१ मध्ये स्वतःची घटना केली. तिच्यात त्यांच्या काँग्रेसला गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करण्याची मनाई होती. गंमत अशी की, राज्याने फुटून निघण्याचा हक्क मात्र या नव्या घटनेतही लिहिलेला नव्हता.

फुटून निघणे कायदेशीर होते का? मळेवाले म्हणत, घटना हा सार्वभौम राज्यांचा करार आहे, आणि जे अधिकार केंद्राला दिले नाहीत ते राज्यांकडे राहिले आहेत. समोरचे म्हणत, घटना राज्यांच्या सरकारांनी नव्हे तर लोकांनी स्वीकारली. तिच्याआधीच्या करारातच हा संघ कायमचा आहे असे लिहिले होते आणि घटना तर तो अधिक परिपूर्ण करण्यासाठी केली गेली. एकाला मन मानेल तेव्हा उठून जाता येईल असे कोणतेही राज्य चालू शकत नाही. मावळते अध्यक्ष ब्यूकॅनन यांचे मत आणखी निराळे होते. फुटणे बेकायदा आहे, पण ते बळाने रोखण्याचा अधिकार केंद्राला नाही, असे ते म्हणत हातावर हात धरून बसले.

लढाई आणि निकाल

डग्लस लिंकन यांच्यावरही प्रथम नाराज होते. ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे हात लावणार नाही, असे नव्या अध्यक्षांनी ४ मार्च १८६१ च्या भाषणात सांगितले होते. डग्लस इतके निराश झाले की हैती बेट पाहून येण्याची त्यांनी तयारी केली. तोच १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या. जाणे रद्द झाले.

सरकार म्हणे, हे युद्ध संघ वाचवण्यासाठी आहे. डग्लस आपल्या मासिकातून सांगत राहिले, की बंडाचे मूळ गुलामगिरी आहे. मूळ ठेवून फांद्या छाटू नका. गुलामांना मुक्त करा आणि काळ्यांच्या हाती बंदूक द्या. पावणेदोन वर्षांनी ते घडले. १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त असल्याची घोषणा लिंकन यांनी केली. संघात राहिलेल्या गुलामराज्यांना मात्र ती लागू नव्हती. डग्लस गावोगाव फिरून काळ्या तरुणांची भरती करू लागले. त्यांची दोन मुले, लुइस आणि चार्ल्स, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाली. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक या युद्धात लढले.

पण गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, आणि काळ्याला १० डॉलर व त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस थेट अध्यक्षांच्या वाड्यावर गेले आणि लिंकन यांच्यासमोर ही गाऱ्हाणी त्यांनी मांडली. पगाराची समानता पुढच्या वर्षी कायद्याने आली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या मजुरीचे पैसे मालक घेत होता, तो माणूस आता देशाच्या अध्यक्षाला जाब विचारीत होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. त्याच महिन्यात लिंकन यांचा खून झाला. डिसेंबरमध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारण्यास मनाई केली. फुटण्याच्या कायदेशीरपणाचा निकाल १८६९ साली टेक्सास राज्याच्या कर्जरोख्यांच्या दाव्यात लागला. सरन्यायाधीश चेस यांनी सांगितले की संघ अभंग आहे आणि त्यातील राज्येही अभंग आहेत. टेक्सासचा फुटण्याचा ठराव कायद्याने शून्य होता. क्रांतीने किंवा इतर राज्यांच्या संमतीनेच वेगळे होता येते.

लढाई जिंकल्यावर काय झाले?

येथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण फुटण्याचा हक्क मेला तरी राज्यांच्या हक्काचा घोष मेला नाही. हरलेल्या राज्यांनी लगेच काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. मजुरीचा करार नसेल तर भटक्या म्हणून पकडायचे आणि दंडापोटी पुन्हा मळ्यावर राबवायचे. मत मागायला अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळात १८६६ साली डग्लस होते. त्यांना नकार मिळाला. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी उभे केलेले सैन्य काढून घेतले. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खाणावळी, गाड्या आणि नाटकगृहे यांत भेदभाव करण्यास बंदी घालणारा १८७५ चा कायदा रद्द केला. वॉशिंग्टनच्या निषेध सभेत पासष्ट वर्षांचे डग्लस पुन्हा उभे राहिले. ज्या संघासाठी काळ्यांनी रक्त सांडले, तो संघ आज त्यांना खाणावळीच्या दारातही संरक्षण देत नाही, हे त्यांचे दुःख होते.

त्यांना सरकारात मानाची पदेही मिळाली. ते राजधानीचे मार्शल झाले आणि पुढे हैतीत अमेरिकेचे वकील झाले. तरी त्यांनी सत्य बोलणे सोडले नाही. १८७६ साली लिंकन यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी त्यांनी आंधळी स्तुती केली नाही. लिंकन मुख्यतः गोऱ्यांचे अध्यक्ष होते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्याच भाषणात त्यांच्या हातून झालेल्या महान कार्याचे ऋणही मान्य केले. १८७७ मध्ये ते आपल्या मरणोन्मुख जुन्या मालकाला, थॉमस ऑल्ड यांना, भेटायला गेले. दोघांचे डोळे भरून आले. आपण गुलामगिरीचा द्वेष केला, माणसाचा नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

पत्नी ॲना १८८२ मध्ये वारल्या. १८८४ मध्ये त्यांनी हेलेन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केले, तेव्हा काळे आणि गोरे दोन्हीकडचे लोक रागावले. डग्लस यांनी पर्वा केली नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी दिवसभर स्त्रियांच्या हक्कांच्या सभेत बसून ते घरी आले आणि संध्याकाळी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आपल्याशी नाते

अमेरिकेतील ही लढाई आपल्या थोर पुरुषांनी दुरून पाहिली नाही, तिचा अर्थ आपलासा केला. डग्लस हयात असतानाच, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि काळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याच यादवीची आठवण दिली. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही, हे ठरवायला अमेरिकनांना युद्ध करावे लागले; आपण तो वाद पुढच्यांवर न सोपवता संघ हा शब्द योजून आधीच स्पष्ट करू, असे त्यांचे सांगणे होते.

म्हणून, बंधू-भगिनींनो, या जीवनातून दोन गोष्टी घरी न्या. कोणी गावाचा हक्क, समाजाचा हक्क, राज्याचा हक्क असे मोठ्या आवाजात बोलू लागला, की शांतपणे विचारा, यात कोणाला मोजले आहे आणि गोठ्याच्या दाराशी कोण उभे आहे? आणि कायदा आपल्यासाठी नाहीच, असे म्हणून तो दुसऱ्याच्या हाती सोडून देऊ नका. डग्लस यांच्या काळच्या घटनेत त्यांच्या लोकांना तीन पंचमांश मोजले होते, तरी त्यांनी ती सोडली नाही. आपल्या घटनेच्या सतराव्या कलमाने तर अस्पृश्यता नष्ट केली आहे. ते कलम आज रात्री मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्याला वाचता येत नाही त्या आजीला शेजारी बसवा, आणि भाकरीच्या तुकड्यावर अक्षरे विकत घेणाऱ्या त्या मुलाची गोष्टही तिला सांगा.